सिलेक्टिव्ह फोकस लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने वाकवायच्या, हाताने फोकस करायच्या लेन्सबद्दलचे हे प्रश्न आहेत. उत्तरांतली उदाहरणं मराठवाड्यातली आहेत, कारण इथलं ऊन, इथली धूळ आणि इथले विषय यांच्यामुळे सेटिंग बदलतं. आकडे फुल फ्रेम (३६ × २४ मि.मी. सेन्सरच्या) कॅमेऱ्याचे आहेत. क्रॉप सेन्सरसाठी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरसाठी, वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

माझ्या ५० एमएम एफ/१.८ लेन्सनेही मागचं ब्लर होतं. मग ही वेगळी लेन्स कशाला?

साधी लेन्स अंतर निवडते. ही लेन्स फ्रेममधली जागा निवडते.

पोळ्याच्या दिवशी वेशीत सहा बैल ओळीने, तुमच्यापासून सारख्याच अंतरावर उभे आहेत असं समजा. ५० एमएमने एफ/१.८ वर फोटो काढला तर सहाही बैल शार्प येतात, फक्त मागची माणसं विरघळतात. सिलेक्टिव्ह फोकस लेन्सने तिसऱ्या बैलाचा डोळा आणि रंगवलेलं शिंग तेवढं शार्प येईल. शेजारचे बैल त्याच अंतरावर असूनही मऊ होत जातील आणि कडेचे दोन नुसते रंगांचे पट्टे होतील. ब्लरलाही आकार असतो: तो शार्प जागेपासून बाहेरच्या बाजूला ताणल्यासारखा दिसतो. त्यामुळे बघणाऱ्याची नजर आपोआप त्या एका जागेवर येते. त्या जागेला स्वीट स्पॉट म्हणतात. तो कुठे पडावा हे तुम्ही ठरवलं नाही, तर या लेन्सचा फोटो चुकलेल्या फोटोसारखा दिसतो. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

हा ब्लर येतो कशामुळे?

भिंगातून तयार होणारी प्रतिमा मुळात सपाट नसते, ती वाटीसारखी वक्र असते. सेन्सर मात्र सपाट. नेहमीच्या लेन्समध्ये पाच-सहा किंवा त्याहून जास्त भिंगं घालून ही वाटी सपाट केलेली असते. सिलेक्टिव्ह फोकस लेन्समध्ये ती मुद्दाम तशीच ठेवतात. म्हणून मधला भाग सेन्सरवर नेमका बसतो आणि कडेचा भाग सेन्सरच्या पुढेच फोकस होऊन जातो.

साध्या एका भिंगाचं गणित करून बघा. ५० मि.मी. फोकल लेंग्थ आणि १.५ अपवर्तनांक असेल तर त्या वाटीची त्रिज्या सुमारे ७५ मि.मी. येते. फ्रेमच्या मध्यापासून १८ मि.मी. दूर, म्हणजे आडव्या कडेला, प्रतिमा सेन्सरपासून दोन मिलिमीटरहून थोडी जास्त पुढे पडते. एफ/२.५ वर त्यामुळे प्रत्येक ठिपका जवळजवळ ०.९ मि.मी. रुंद होतो, एफ/८ वर साधारण ०.२७ मि.मी. विकत मिळणाऱ्या ऑप्टिकमध्ये (लेन्सच्या आतल्या भिंगांच्या संचात) एकाहून जास्त भिंगं असतात, त्यामुळे आकडे थोडे बदलतात, पण वागणूक हीच राहते.

याच गणितातून एक कामाची गोष्ट हाती लागते. ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा, एफ-आकडा (आकडा लहान तितकं छिद्र उघडं) दुप्पट केला तर स्वीट स्पॉट दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. एफ/४ वरून एफ/८ वर गेलात तर स्पॉट थोडासाच पसरतो. 'एफ/८ केलं तरी कडा ब्लरच येतात' हा लेन्सचा दोष नाही, तिचा स्वभावच तो आहे.

बाजारात कोणकोणते प्रकार आहेत?

या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे अमेरिकेतल्या पोर्टलंडची लेन्सबेबी कंपनी. २००४ पासून ती या लेन्स बनवते. तिच्या कंपोझर प्रो २ मध्ये चेंडू आणि वाटीसारखा सांधा असतो, तो सुमारे १५ अंशांपर्यंत वाकतो आणि आतलं ऑप्टिक बदलता येतं. स्वीट ५० ऑप्टिक एफ/२.५ ते एफ/२२ पर्यंत चालतं, त्यात १२ पात्यांचं ॲपर्चर असतं आणि ते ३८ से.मी. पर्यंत जवळ फोकस होतं. स्वीट ३५ त्याहून रुंद दाखवतं. सोल ४५ स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण तिचं ॲपर्चर एफ/३.५ वर पक्कं आहे आणि ती ८.५ अंशच वाकते. स्पार्क हा जुना, प्लास्टिकचा, दाबून फोकस करायचा प्रकार, तो एफ/५.६ वर पक्का आहे.

एज नावाची ऑप्टिक वेगळ्या जातीची आहेत. त्यांच्यात गोल स्पॉट मिळत नाही, शार्प पट्टा मिळतो. त्यांचा प्रश्न खाली आहे.

पहिल्यांदा घेणाऱ्याने ॲपर्चर बदलता येणारीच लेन्स घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पक्क्या ॲपर्चरची लेन्स शिकायला सोपी वाटते, पण स्पॉट लहान-मोठा करता येत नसल्याने दोन महिन्यांत सगळे फोटो सारखे दिसू लागतात.

लेन्स लावली, पण शटरच पडत नाही. लेन्स खराब आहे का?

नाही. या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतात, त्यामुळे मिररलेस कॅमेऱ्याला लेन्स लावलेलीच नाही असं वाटतं. मेनूत एक परवानगी द्यावी लागते. सोनीमध्ये तिचं नाव 'रिलीज विदाउट लेन्स', फुजीफिल्ममध्ये 'शूट विदाउट लेन्स', कॅननच्या आर मालिकेत 'रिलीज शटर विदाउट लेन्स' अशा धाटणीचं आहे. ती चालू करा.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा: ५० एमएम ऑप्टिकला ५०, ३५ ला ३५. चुकीचा आकडा राहिला तर बॉडी गरजेपेक्षा जास्त किंवा कमी हलते आणि शार्प जागाही किंचित हललेली दिसते. मग दोष फोकसला दिला जातो.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यांवर) अशा लेन्ससोबत उजेड मोजणारं मीटर चालत नाही. तिथे एम मोडमध्ये (सगळं हाताने ठरवून) अंदाजाने एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा आणि शटर स्पीड बदलायचा. डी७००० आणि त्यावरच्या बॉडीत (डी७५०० सोडून) 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' भरला की मीटर चालतं. कॅननच्या बॉडीवर एव्ही मोड (ॲपर्चर तुमचं, शटर स्पीड कॅमेऱ्याचा) चालतो.

फोटो काढायचा क्रम नेमका कसा असावा?

क्रम चुकला की फोकस हातचा जातो. वाकवल्याबरोबर फोकसची पातळी तिरकी होते, म्हणजे सरळ असताना बारीक फोकस केला असेल तर तो वाकवल्यावर उरत नाही. म्हणून असं करा:

१. मोड ए (कॅननवर एव्ही) किंवा एम ठेवा. लेन्स सरळ ठेवून ॲपर्चर एफ/४ करा.

२. फ्रेम पक्की करा. या फोटोत नजर कुठे थांबायला हवी ते ठरवा: डोळा, दिव्याची ज्योत, विणकराचं बोट. फ्रेम पक्की झाल्यावर पाय हलवू नका.

३. लेन्स सरळ असतानाच ढोबळ फोकस करा.

४. आता लेन्स त्या जागेच्या दिशेला वाकवा. लेन्स उजवीकडे वाकवली की स्पॉट फोटोत उजवीकडे जातो, वर वाकवली की वर. सांध्यापासून सेन्सरपर्यंत ५० मि.मी. धरले तर ५ अंशांत स्पॉट साधारण साडेचार मिलिमीटर सरकतो, १० अंशांत पावणेनऊ. फुल फ्रेमची अर्धी उंची १२ मि.मी. आहे, म्हणजे १० अंश झाले की स्पॉट वरच्या कडेजवळ पोचतो. पूर्ण वाकवायची गरज फार क्वचित पडते.

५. सांध्याचं घर्षण वाढवणारी रिंग असेल तर ती हलकी आवळा.

६. त्या जागेवर मॅग्निफिकेशन (पडद्यावर तेवढा भाग मोठा दाखवणारी सोय) लावा आणि बारीक फोकस करा. फोकस रिंग शार्प बिंदूच्या थोडी पुढे न्या, मग मागे आणा. बिंदू ओलांडल्याशिवाय तो कुठे होता ते कळत नाही.

७. श्वास सोडून, एकापाठोपाठ तीन फोटो घ्या. हातात धरलेला कॅमेरा एक-दोन सेंटीमीटर पुढे-मागे होतोच. जवळून, एफ/२.५ वर काढताना तेवढ्यानेही डोळ्याऐवजी भुवई शार्प येते.

लेन्स प्रत्येक वेळी वाकवायचीच असं नाही. बीबी का मकबऱ्यासमोर कारंज्यांच्या रांगेच्या मधोमध उभे राहिलात तर घुमट फ्रेमच्या मध्यात येतो. लेन्स सरळ ठेवून घुमटावर फोकस केला की हौद, झाडं आणि मिनार कडेला ताणले जातात. तिथे वाकवलं तर उलट इमारतीचा तोल जातो.

सगळाच फोटो मऊ येतो, शार्प जागा सापडतच नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. कारणं ठरलेली आहेत, एकेक करून तपासा.

व्ह्यूफाइंडरचं डायऑप्टर (तुमच्या नजरेच्या नंबरानुसार जुळवायचं चाक) चुकलेलं असतं. ऑटोफोकसवर काम करताना ते कधी लक्षात येत नाही, मॅन्युअलवर मात्र सगळं त्याच्यावर चालतं. व्ह्यूफाइंडरमधले आकडे सुस्पष्ट दिसेपर्यंत डायऑप्टरचं चाक फिरवा. समोरच्या दृश्याकडे बघून फिरवू नका.

डीएसएलआरच्या फोकसिंग स्क्रीनवर एफ/२.८ पेक्षा उघडं ॲपर्चर खरं दिसत नाही. काचेतून शार्प वाटलेलं एफ/२.५ वर नेमकं नसतं. लाइव्ह व्ह्यू चालू करा आणि दहापट मोठं करून फोकस करा.

फोकस पीकिंगवर (शार्प कडांवर रंगीत ठिपके दाखवणाऱ्या सोयीवर) पूर्ण विसंबू नका. ही लेन्स उघडी असताना शार्प भागावरही एक पातळ धुकट थर असतो. त्यामुळे पीकिंगचे रंगीत ठिपके कधी येतच नाहीत, तर कधी भलत्याच जागी, ज्वारीच्या ताटांच्या काळ्या-पांढऱ्या कडांवर, भरमसाठ येतात. पीकिंग कमी संवेदनशीलतेवर ठेवा, त्याने ढोबळ जागा शोधा आणि शेवटचा फोकस मॅग्निफिकेशनवर करा.

स्पॉट आणि फोकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्कं नसतं. समजा स्पॉट डावीकडे आहे आणि तुम्ही मध्यावर मॅग्निफाय करून फोकस केलात. मधला भाग वक्र पातळीच्या उतारावर आहे. तो कसाबसा शार्प होईल, पण तेवढ्यात स्पॉटची जागा फोकसबाहेर गेलेली असेल. जिथे स्पॉट, तिथेच मॅग्निफिकेशनची चौकट न्या.

शटर स्पीड कमी असतो. ५० एमएमला स्थिर माणसासाठी १/१२५, खेळणाऱ्या पोरांसाठी १/५००, माळेगावच्या यात्रेतल्या घोड्यांसाठी १/१०००. या लेन्सच्या ब्लरमध्ये हाताचा ब्लर लपून जातो, म्हणून तो उशिरा कळतो. ओळखायची खूण अशी: ठिपके एकाच दिशेला ओढलेले दिसले तर हात हलला; शार्प जागेभोवती चहूकडे ताणलेले दिसले तर ती लेन्सची करामत.

एवढं करूनही जमलं नाही तर लेन्स सरळ ठेवा, एफ/५.६ करा आणि दोन मीटरवरच्या वर्तमानपत्रावर फोकस करा. मधली अक्षरं वाचता यायला हवीत. तिथेही ती धूसर असतील तर ऑप्टिक नीट बसलेलं नाही किंवा भिंगावर बोटाचा डाग आहे.

ॲपर्चर किती ठेवायचं?

पहिला महिना एफ/४. तिथे शार्प जागा खरोखर शार्प असते आणि ब्लरही भरपूर मिळतो. चेहऱ्यासाठी एफ/४ ते एफ/५.६, कारण दोन्ही डोळे स्पॉटमध्ये मावायला हवेत. एफ/२.५ फुलं, दिवे, कापड अशा विषयांना ठेवा. एफ/८ च्या पुढे गेलात तर ही लेन्स वापरण्याचं कारण हळूहळू संपत जातं. एफ/१६ वर सेन्सरवरची धूळ तेवढी ठळक दिसेल.

क्रॉप सेन्सरवर स्पॉटचा आकार मिलिमीटरमध्ये तेवढाच राहतो, पण फ्रेम लहान असते, त्यामुळे कडेचा सर्वांत ताणलेला ब्लर कापला जातो. फुल फ्रेमसारखा परिणाम हवा तर ॲपर्चर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकं) जास्त उघडा आणि ३५ एमएम ऑप्टिक घ्या.

उन्हाळ्यात एफ/२.५ वर सगळं पांढरं पडतं. उपाय?

कडक उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ ला १/१०० लागतो. त्याच उन्हात एफ/२.५ ला १/४००० लागतो. बऱ्याच बॉडींचं यांत्रिक शटर तिथेच संपतं, आणि पांढरं धोतर, चुन्याची भिंत किंवा कापसाचा ढीग असेल तर तेवढंही पुरत नाही. तीन स्टॉपचा एनडी८ (उजेड कमी करणारा करडा) फिल्टर लावला की १/५०० वर काम होतं. स्वीट ५० ला ४६ मि.मी. चा फिल्टर बसतो. इलेक्ट्रॉनिक शटर हा दुसरा उपाय आहे, पण चालत्या गाडीची चाकं किंवा ढोल-लेझीमचे हात त्यात वाकडे येतात.

त्यापेक्षा चांगला उपाय वेळेचा आहे. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेआठनंतर मराठवाड्यातलं ऊन सपाट होतं. त्याआधी काम उरका.

स्पॉट कुठे ठेवला तर फोटो उठून दिसतो?

स्पॉटला स्वतःचं काहीतरी असावं लागतं: डोळा, हात, ज्योत, अक्षर, गाठ. नुसत्या पानांच्या गर्दीत स्पॉट ठेवला तर नजर तिथे येते आणि रिकामी परत जाते. दुसरं म्हणजे, कडेच्या भागात रंग आणि उजेडाचे ठिपके हवेत, म्हणजे ताणायला काहीतरी मिळेल. कोरं आभाळ कितीही ब्लर केलं तरी कोरंच राहतं.

या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या जागा आपल्याकडे भरपूर आहेत. लातूर, धाराशिव भागात डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येणारी येळवस (वेळा अमावास्या) घ्या. रानात कडब्याची कोप (खोपटं) असते, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडलेले असतात. कोपीच्या तोंडाशी बसून स्पॉट पूजेच्या दगडांवर ठेवला की कडब्याची ताटं चहूबाजूंनी आत येणाऱ्या रेषांसारखी ताणली जातात. इथे एफ/४ आणि १/१२५ ठेवा, आयएसओ ८०० च्या आसपास लागेल. बाहेरचं ऊन जळू नये म्हणून एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. आंबिलीचा घोट घेणाऱ्या माणसाच्या फोटोत स्पॉट डोळ्यांवर असावा, मडक्यावर नाही. मडकं मऊ झालं तरी ओळखू येतं. चेहरा मऊ झाला तर माणूस हरवतो.

तुळजापुरात आराधी (देवीचे उपासक) पोत, म्हणजे पेटता पलिता, घेऊन येतात तेव्हा ज्योतीवर फोकस करायचा मोह होतो. ज्योत हलती असते आणि तिच्यात पकडायला बारकावा नसतो. स्पॉट कवड्यांच्या माळेवर किंवा चेहऱ्यावर ठेवा, ज्योतीला कडेला ताणू द्या. फोटो काढण्याआधी विचारा, आणि मंदिरात जिथे मनाई आहे तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवा.

पैठणच्या मागावर विषय बारीक असतो: ताण्याचे शेकडो धागे, त्यात अडकवलेल्या रंगीत कांड्या आणि विणकराची बोटं. ४० ते ५० से.मी. वरून, एफ/५.६ वर, स्पॉट बोटांच्या टोकावर ठेवा. इतक्या जवळ एफ/२.५ ला एकच नख शार्प येतं. धागे फ्रेममध्ये तिरके घ्या. आडवे घेतले तर त्यांचं ताणलं जाणं दिसतच नाही, कारण ब्लरही त्याच दिशेचा असतो.

एज ऑप्टिक म्हणजे काय? त्यातला शार्प पट्टा कसा चालतो?

एज ऑप्टिकची प्रतिमा सपाट असते. ते वाकवल्यावर फोकसची अख्खी पातळी तिरकी होते. थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. हवाई छायाचित्रांतली विकृती काढण्याच्या कामातून त्याने १९०४ मध्ये तो मांडला. कॅनन आणि निकॉनच्या टिल्ट लेन्सही याच नियमावर चालतात.

वर-खाली वाकवलं तर आडवा पट्टा मिळतो, डावी-उजवीकडे वाकवलं तर उभा. फोकस रिंग फिरवली की तो पट्टा फ्रेममध्ये सरकतो.

याच नियमाचा उलटा उपयोग फार थोडे लोक करतात: ब्लर वाढवायचा नाही, घालवायचा. ५० एमएम ऑप्टिक असलेला कॅमेरा जमिनीपासून एक मीटरवर आडवा धरा आणि लेन्स सुमारे तीन अंश खाली वाकवा. फोकसची पातळी जमिनीला समांतर येऊन तिच्यावरच पडते. पायाजवळचं सोयाबीन आणि पार बांधावरचं सोयाबीन, दोन्ही एफ/५.६ वरही शार्प येतात. दीड मीटरवर दोन अंश पुरतात. हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला उंचीने भागायचं, आलेली संख्या म्हणजे कोनाचा साइन.

उंचावरून खाली बघताना लेन्स उलट, म्हणजे वर वाकवली की मधला पातळ पट्टा तेवढा शार्प राहतो आणि खालची वस्ती खेळण्यातली वाटते. दौलताबादच्या किल्ल्यावरून किंवा वेरूळला कैलास लेण्याच्या वरच्या कातळावरून हे जमतं. पट्टा माणसांच्या रांगेवर ठेवा. नुसत्या दगडावर ठेवला तर आकारमानाचा भास होत नाही.

वेरूळ-अजिंठ्याला ही लेन्स न्यावी का?

वेरूळला जरूर न्या. खांबांच्या रांगा, दारातून दिसणारी मूर्ती, अंगणातला हत्ती हे सगळे विषय तिला मानवतात. अजिंठ्यात भित्तिचित्रांसाठी आधी साधी लेन्स वापरा. सपाट चित्राचा कोपरा ब्लर करून हाती काही लागत नाही आणि चित्रावर अन्यायच होतो. लेण्यात फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. म्हणून आयएसओ ३२०० ते ६४०० आणि १/६० ची तयारी ठेवा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.

लग्नात वापरावी का?

हळद, मेंदी, मुंडावळ्या, अक्षता धरलेली मूठ, नवरीच्या डोळ्यांपुढचा अंतरपाट: हे सगळं या लेन्सचं आहे. मंगळाष्टकांच्या शेवटच्या क्षणाला, हार घालताना किंवा पाहुण्यांच्या ग्रुप फोटोत ती बॉडीवर नको. तो क्षण पुन्हा येत नाही आणि मॅन्युअल फोकस दर तीनांत एक फोटो खातो. दुसरी बॉडी नसेल तर लेन्स पिशवीतच राहू द्या.

नाथसागरावर (पैठणच्या जायकवाडी जलाशयावर) पक्ष्यांसाठी ही लेन्स चालेल का?

नाही. ५० किंवा ८० एमएमने फ्लेमिंगो ठिपक्याएवढा येतो. काठावरची होडी आणि जाळं झटकणारा मासेमार मात्र सुरेख येतो.

लेन्स महाग आहे. घरच्या लेन्सवर काही करता येईल का?

येईल. याला फ्रीलेन्सिंग म्हणतात. लेन्स बॉडीपासून काढून माउंटसमोर हातात धरायची आणि किंचित तिरकी करायची.

कॅननची ५० एमएम एफ/१.८ काढल्यावर ॲपर्चर उघडंच राहतं, तिने सुरुवात करा. निकॉनच्या जी लेन्सचं ॲपर्चर काढल्याबरोबर बंद होतं. मागची छोटी कळ बोटाने धरून ठेवावी लागते. निकॉनच्या डी लेन्सवर ॲपर्चर रिंग असते, ती सर्वांत लहान आकड्यावर फिरवली की पुरे. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवा, कॅमेरा गळ्यात अडकवा, एम मोड आणि लाइव्ह व्ह्यू चालू करा. लेन्स माउंटपासून ३ मि.मी. पुढे आली की फोकस साधारण ८५-९० से.मी. वर येतो, ५ मि.मी. वर अर्ध्या मीटरच्या आसपास. म्हणजे डीएसएलआरवर या पद्धतीने फक्त जवळचे विषय मिळतात, दूरचा डोंगर नाही. फटीतून घुसणारा उजेड फोटोवर पांढुरकी झाक आणतो. काही वेळा ती छान दिसते. नको असेल तर काळ्या कापडाची पट्टी फटीभोवती धरा.

मिररलेस बॉडी असेल तर याहून चांगला रस्ता आहे. सोनी ई माउंटला सेन्सरपासून माउंटचं अंतर १८ मि.मी. असतं आणि जुन्या एम४२ लेन्सला ४५.४६ मि.मी. लागतं. मधल्या २७ मि.मी. च्या जागेत वाकणारा टिल्ट ॲडॅप्टर बसतो आणि अनंतापर्यंत फोकसही मिळतो. त्यावर ५८ एमएम एफ/२ ची जुनी रशियन हेलिओस ४४ लावली तर मागचा ब्लर गोल फिरल्यासारखाही दिसतो. ॲडॅप्टर घेताना 'टिल्ट' लिहिलेला घ्या. 'शिफ्ट' लिहिलेला लेन्स नुसती सरकवतो, वाकवत नाही.

फ्रीलेन्सिंग उघड्या रानात, यात्रेत किंवा मळणी चालू असताना करू नका. सेन्सर उघडा असतो, आणि हुरड्याच्या आगटीची राख एकदा आत गेली की दुकानातून साफ करून आणावं लागतं.

धूळ आणि ऊन यांपासून जपायचं कसं?

सांध्याच्या वाटीत मातीचा कण गेला की लेन्स करकरते आणि अडखळत वाकते. हवेच्या पंपाने सगळ्या बाजूंनी फुंका, मग कोरड्या मऊ ब्रशने झटका. तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे यांतलं काहीही घालू नका. तेलात माती आणखी चिकटते आणि सांध्याची पकड सुटून लेन्स आपल्या वजनाने खाली वाकू लागते.

ऑप्टिक बदलताना बॉडीचं तोंड खाली ठेवा आणि खोलीतला पंखा बंद करा, कारण ऑप्टिक काढल्यावर आतला भाग थेट उघडा पडतो. हलक्या हाताने फिरवून काढा. अडलं तर जोर लावू नका, परत बसवून पुन्हा फिरवा.

मे महिन्यात गाडीच्या डिकीत लेन्स ठेवू नका. उष्णतेने फोकस रिंगमधलं ग्रीस पातळ होतं, रिंग सैल पडते आणि तेल ॲपर्चरच्या पात्यांवर येतं. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आपल्याकडे बुरशीपेक्षा धुळीचा त्रास जास्त, पण दोन महिने ओल्या पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागतेच.

सेकंड हँड घेताना काय बघायचं?

आधी माउंट. या लेन्सचं माउंट सहसा बदलता येत नाही, म्हणून ती तुमच्याच बॉडीची हवी. मग सांधा: पूर्ण वाकवून हात सोडा, लेन्स तिथेच थांबली पाहिजे. ॲपर्चर रिंग फिरवताना पाती उजेडासमोर धरा, त्यांवर तेलाची चमक नको. जुन्या डबल ग्लास प्रकारात ॲपर्चरच्या चकत्या चुंबकाने बसतात. त्यांचा पूर्ण संच आणि त्या काढायचं साधन सोबत आहे का ते मोजून घ्या. चकत्या हरवलेली लेन्स कायमची उघड्या ॲपर्चरवर अडकते.

एडिटिंगमध्ये काय करावं?

रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. अख्ख्या फोटोला शार्पनिंग दिलं तर ब्लर भागातला नॉइज खरखरीत होतो. मास्क लावून फक्त स्पॉटला द्या. उघड्या ॲपर्चरवरचं धुकं कमी करायला स्पॉटपुरता कॉन्ट्रास्ट १० ते १५ ने वाढवा. क्रॉप करताना जपून: कडा कापल्या की ताणही कापला जातो.

फोटो मोबाइलवर बघितला जाणार असेल तर ॲपर्चर उघडं ठेवा. लहान पडद्यावर ब्लर कमी दिसतो आणि एफ/८ चा फोटो साध्या लेन्सचा वाटतो. मोठी प्रिंट काढायची असेल तर उलट. मोठ्या प्रिंटवर एफ/२.५ ची शार्प जागाही धूसर वाटू शकते.

हेच मोबाइल ॲपमध्ये होत नाही का?

गोल मास्क लावून कडा धूसर करता येतात. पण ॲप आधीच टिपलेल्या उजेडावर पुसट थर देतं. लेन्समध्ये दिव्याचा एकेक ठिपका प्रकाशाच्या पूर्ण जोराने ताणला जातो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची रात्रीची रोषणाई दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी ठेवा. ॲपमध्ये दिवे करडे पडतात, लेन्समध्ये ते चमकतच राहतात.

फोटोच्या माहितीत ॲपर्चर शून्य दिसतं. नंतर कळणार कसं?

संपर्क नसल्याने ते नोंदलं जात नाही. ॲपर्चर बदललं की लगेच लेन्ससमोर बोटं धरून एक फोटो काढा: एफ/२.५ ला एक बोट, एफ/४ ला दोन, एफ/५.६ ला तीन, एफ/८ ला चार. बोटं धूसर आली तरी मोजता येतात. घरी आल्यावर त्या फोटोपासून पुढच्या बोटांच्या फोटोपर्यंतचे सगळे फोटो एकाच ॲपर्चरचे.